मराठी इनस्क्रिप्टसाठी हाताने तारा जोडून केलेला ७० कळांचा कीबोर्ड: प्रकल्प नोंदी

उद्देश एकच: इनस्क्रिप्टमध्ये (भारतीय लिपींच्या प्रमाण कीबोर्ड-लेआउटमध्ये) रोज लिहिणाऱ्याच्या हाताला बसेल असा मेकॅनिकल कीबोर्ड, छापील सर्किट बोर्ड न मागवता, पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या सुट्या भागांतून. सॉफ्टवेअर सगळं मुक्त: कीबोर्डात क्यूएमके फर्मवेअर (कीबोर्डाच्या चिपमध्ये चालणारा प्रोग्राम), संगणकावर लिनक्स आणि त्याचा केडीई प्लाझ्मा डेस्कटॉप. विंडोजसाठी काय बदललं ते शेवटच्या नोंदीत आहे. ज्यांना हेच करायचं आहे त्यांनी तारा कापण्याआधी ५ जुलै आणि १० ऑगस्ट या दोन नोंदी तरी वाचाव्यात.

५ जुलै २०२५: कळा किती आणि का

सध्या हौशी मंडळींत चाळीस-पंचेचाळीस कळांचे छोटे कीबोर्ड फार चालतात. ते २६ अक्षरांच्या लिपीसाठी ठीक आहेत. इनस्क्रिप्टचं गणित वेगळं आहे. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, आणि व्यंजनं इतकी की ती उजव्या कडेपर्यंत पसरतात. अर्धविरामाच्या कळीवर च-छ, अवतरणचिन्हाच्या कळीवर ट-ठ, डाव्या चौकटी कंसावर ड-ढ, उलट्या तिरप्या रेघेवर ॉ-ऑ, बरोबरीच्या चिन्हावर ृ-ऋ. छोट्या कीबोर्डात नेमक्या याच कडेच्या कळा आधी कापल्या जातात किंवा दुसऱ्या थरात (वेगळी कळ धरल्यावरच मिळणाऱ्या संचात) ढकलल्या जातात. 'टोचणी' हा साधा शब्द लिहायला थर बदलावा लागत असेल तर तो कीबोर्ड मराठीच्या कामाचा नाही. याबाबतीत तडजोड करायची नाही, हे आधीच ठरवलं.

म्हणून ५ ओळी आणि १४ उभे रकाने, सगळ्या कळा एकाच मापाच्या, सरळ रांगेत. मोजून पाहिलं तर हे माप अगदी बरोबर बसतं. वरच्या ओळीत आकडे, दोन्ही बाजूंची चिन्हं आणि बॅकस्पेस मिळून १४. दुसऱ्या ओळीत टॅब, दहा अक्षरं, दोन कंस, उलटी तिरपी रेघ मिळून १४. तिसरीत एक कळ आणि चौथीत दोन कळा मोकळ्या उरतात. नेहमीच्या कीबोर्डातली एकही अक्षरकळ जात नाही.

कंट्रोलर (कळा वाचून संगणकाला कळवणारा छोटा बोर्ड) निवडताना मेख इथेच होती. हाताने तारा जोडणारे बहुतेक जण प्रो मायक्रो वापरतात. त्याला वापरता येतील अशा १८ पिना. प्रत्येक ओळीला आणि रकान्याला एक पिन लागते, ५ अधिक १४ म्हणजे १९. एका पिनेने अडतं. ७० कळा १० गुणिले ७ अशा दुमडून १७ पिनांत बसवता येतात, पण मग तारा रांगा सोडून आडव्यातिडव्या जातात आणि पुढे दोष शोधताना डोक्याला ताप होतो. त्यापेक्षा रास्पबेरी पाय पिको घेतला: २६ पिना, किंमत जवळपास तेवढीच, आणि क्यूएमकेमध्ये त्याच्या आरपी २०४० चिपची सोय २०२२ पासून आहे.

६ जुलै: सामान

- स्विच ८० (७० आणि राखीव १०), एमएक्स पद्धतीचे, लिनियर (दाबताना मधे टप्पा न जाणवणारे). एकाच खेपेचे घ्यावेत. वेगवेगळ्या खेपांत स्प्रिंगचा जोर बोटाला जाणवेल इतका बदलतो.
- डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) वन-एन ४१४८, १०० चं पाकीट.
- पिको, पिना न जोडलेला. पिना जोडलेला घेतला तर पेटीत उंची वाढते.
- ०.८ मिमीची ६०/४० सोल्डर तार. शिसं नसलेल्या तारेला जास्त उष्णता लागते आणि स्विचचं प्लॅस्टिक तेवढी सोसत नाही.
- ३० गेजची रॅपिंग तार, दोन रंगांत. एक रंग ओळींना, एक रकान्यांना.
- ३ मिमी एलईडी एक, ४७० ओहमचा रोध एक.
- कीकॅप ७०, एकाच उंचीचे. एक्सडीए किंवा डीएसए आकार मागावा. नेहमीच्या आकारात प्रत्येक ओळीची उंची आणि उतार वेगळा असतो, आणि सगळ्या कळा एका मापाच्या असलेला संच त्यात जुळत नाही.

लांब स्पेसबार मुद्दाम टाळला. त्याला स्टॅबिलायझर (लांब कळ सरळ खाली नेणारी तार) लागतो, प्लेटमध्ये (स्विच ज्यात बसतात त्या पातळ फळीत) वेगळी भोकं लागतात आणि हाताने जोडलेल्या कीबोर्डात खडखडाट करणारा पहिला भाग तोच असतो. अंगठ्याखाली दोन सुट्या स्पेस कळा पुरतात.

१२ जुलै: पहिली प्लेट वाया

प्लेटचं गणित: दोन कळांच्या मध्यांत १९.०५ मिमी अंतर, भोक १४ × १४ मिमी. १४ रकान्यांचे २६६.७, ५ ओळींचे ९५.२५. कडेला पाच-पाच मिमी धरून २७७ × १०५. हे माप २२० मिमीच्या थ्रीडी प्रिंटरवर तिरपं ठेवूनही मावत नाही, म्हणून लेझर.

स्वस्त म्हणून ३ मिमी अॅक्रिलिक कापून घेतलं. दोन दोष निघाले. पहिला: एमएक्स स्विचच्या बाजूचे खटके १.५ मिमी जाडीच्या प्लेटसाठी असतात. ३ मिमीत ते खाली पोचतच नाहीत, स्विच नुसता टेकून राहतो आणि कीकॅप काढताना अख्खा स्विच तारांसकट उपटून येतो. दुसरा: लेझरची किरणरेघ स्वतःच्या जाडीएवढं साहित्य खाते. १४.० काढलेलं भोक व्हर्नियरवर १४.२ भरलं. स्विच डुलायला लागले.

गरम गोंदाने स्विच चिकटवण्याचा उपाय करता येतो. तो केला नाही, कारण पुढे एखादा स्विच खराब झाला तर तो बदलणं अशक्य होतं. ४५० रुपये गेले.

१९ जुलै: दुसरी प्लेट

१.५ मिमी अॅल्युमिनियम. यासाठी फायबर लेझर लागतो. अॅक्रिलिक कापणाऱ्या दुकानातलं यंत्र धातूला चालत नाही. साधं पोलाद स्वस्त पडतं, पण कोटिंग न करता आपल्याकडच्या पावसाळ्यात ते कडांपासून गंजायला लागतं.

कापणाऱ्याला पहिला प्रश्न हा विचारायचा: किरणरेघेची जाडी तुम्ही वजा करता की मी करू? दोघांनी केली तर भोक लहान होतं, कुणीच केली नाही तर मोठं. इथे त्यांच्याकडून वजावट होती, म्हणून रेखाचित्रात १४.० च ठेवलं. आधी टाकाऊ तुकड्यावर चार भोकं कापून स्विच बसवून पाहिला. 'खट्' आवाज होऊन बसला, उलटं धरून हलवला तरी पडला नाही. मग पूर्ण प्लेट कापली. ९०० रुपये.

भोकांच्या कडांना बारीक धार राहते. बारीक कानशीने कोपरे साफ केल्याशिवाय स्विच दाबू नयेत, खटके खरवडले जातात.

२० जुलै: डायोड आणि ओळी

सगळे स्विच एकाच दिशेने बसवले. डायोडची काळी पट्टी ओळीकडे, दुसरं टोक स्विचच्या पिनेला. क्यूएमकेमध्ये ही दिशा 'रकान्याकडून ओळीकडे' अशी नोंदवतात. दिशा कुठलीही चालते, पण ७० च्या ७० डायोडांची तीच हवी. एक जरी उलटा लागला तरी ती कळ मुकी होते.

पद्धत: डायोडचं एक टोक नाकाच्या पक्कडीने स्विचच्या पिनेभोवती एक वेढा देऊन अडकवायचं, दुसरं टोक आडवं वाकवून शेजारच्या डायोडच्या टोकावर टेकवायचं. अशी टोकाला टोक लागून डायोडांच्या पायांचीच ओळ तयार होते, वेगळी तार लागत नाही.

सोल्डरिंगची इस्त्री ३५० अंशांवर, एका डागाला (सोल्डरच्या जोडाला) दोन ते तीन सेकंद. डाग धरला नाही तर तिथेच टेकवून ठेवू नये. इस्त्री काढावी, फ्लक्स (सोल्डर धरायला मदत करणारं रसायन) लावावा, स्विच गार होऊ द्यावा, मग पुन्हा. जास्त तापलं की पिन प्लॅस्टिकमध्ये सरकते आणि आतला पत्रा वाकडा होतो. बाहेरून काहीच दिसत नाही. कळ कधी लागते, कधी नाही. असे दोन स्विच बदलावे लागले.

प्रत्येक ओळ पुरी झाली की मल्टिमीटर डायोडवर ठेवून तपासणी: सरळ दिशेने ०.५ ते ०.७ व्होल्ट, उलट दिशेने काही नाही. ही तपासणी ओळीगणिक करावी. पुढे वरून रकान्यांच्या तारा आल्या की हात घालायला जागा उरत नाही.

२६ जुलै: रकाने आणि पिको

रकान्यांच्या तारा ओळींच्या उघड्या पायांवरून जातात, म्हणून त्यांचं वेष्टण टिकवणं महत्त्वाचं. तार सलग ठेवून फक्त पिनेच्या जागी दोन-तीन मिमी सोलली. सोलण्यासाठी कटरने गोल छेद देऊन वेष्टण बाजूला सरकवायचं. कापून तुकडे जोडले तर डागांची संख्या दुप्पट होते.

पिकोवर रकाने जीपी० ते जीपी१३, ओळी जीपी१४ ते जीपी१८, एलईडी जीपी१९. पिकोच्या पाठीला उघडे तांब्याचे ठिपके असतात. त्यांना कॅप्टॉन टेप (वीज न वाहू देणारी, उष्णता सोसणारी चिकटपट्टी) लावल्याशिवाय तो अॅल्युमिनियमच्या जवळ नेऊ नये.

२७ जुलै: पहिलं फर्मवेअर

बूट बटण दाबून धरून केबल जोडली की पिको पेनड्राइव्हसारखा दिसतो आणि त्यात फर्मवेअरची फाइल टाकली की झालं. तो दिसलाच नाही तर आधी केबल बदला. घरातल्या बऱ्याच मायक्रो यूएसबी केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांत डेटाच्या तारा नसतात.

दुसरी गोष्ट जवळपास प्रत्येकाला गाठते: कीबोर्ड चालू होतो, पण आरशातल्यासारखा. तारा जोडताना प्लेट पालथी असते, त्यामुळे डावीकडून पहिला समजून जोडलेला रकाना सुलट केल्यावर शेवटचा निघतो. इस्त्री पुन्हा तापवायची गरज नाही. फर्मवेअरच्या जेसन फाइलमध्ये रकान्यांच्या पिनांची यादी उलट्या क्रमाने लिहायची, बस.

बूट बटण पेटीत बंद होणार, त्यामुळे आत्ताच दोन सोयी करून ठेवल्या. एक, दुसऱ्या थरात फर्मवेअर बदलण्याची कळ. दोन, डावीकडची वरची कळ दाबून केबल जोडली की तीच अवस्था. पहिली सोय चुकीच्या फर्मवेअरने बंद पडली तर दुसरी कामाला येते.

२ ऑगस्ट: दोष शोधणं

तीन प्रकारचे दोष निघाले, आणि लक्षणांवरून कारण ओळखता येतं.

एक कळ दाबली की त्याच ओळीतल्या दोन कळा उमटतात: शेजारच्या दोन रकान्यांची टक्कर, बहुधा सोलताना जास्त तार उघडी पडलेली. मल्टिमीटर बीपवर ठेवून रकान्याला रकाना तपासला, दोन ठिकाणी बीप आला. तार उचलून टेपचा तुकडा सरकवला.

एका ठिकाणापासून पुढची सगळी ओळ बंद: तिथला डायोडच्या टोकाला टोक जोडणारा डाग सुटलेला.

एकच कळ कधी दोनदा उमटते, 'कमल' चं 'ककमल' होतं: डाग वरून चकाकतो पण पिनेला धरलेला नाही. नव्या सोल्डरपेक्षा फ्लक्स लावून पुन्हा तापवणं जास्त कामाला आलं. कळ दाबल्यावर संपर्क स्थिर व्हायला क्यूएमके मूळचा ५ मिलिसेकंदांचा अवधी धरतं. तो वाढवून दोष झाकता येतो, पण मग ७० च्या ७० कळा मंदावतात आणि खराब डाग तिथेच राहतो. डाग दुरुस्त करावा.

९ ऑगस्ट: मराठी कुठे ठेवायची, कीबोर्डात की संगणकात

इथे सर्वांत जास्त वेळ गेला.

कीबोर्ड अक्षर पाठवत नाही, कळीचा क्रमांक पाठवतो. 'क' उमटवतो तो संगणक. क्यूएमकेमध्ये युनिकोड पाठवण्याची सोय आहे खरी: लिनक्सवर फर्मवेअर कंट्रोल-शिफ्ट-यू दाबल्याचं सोंग आणतं, मग अक्षराचा चार अंकी संकेतांक टाइप करतं, मग स्पेस. वाटतं की संगणकावर काहीच न बसवता मराठी मिळेल. प्रत्यक्षात एका अक्षरामागे सहा-सात कळा जातात, जलद लिहिताना एखादी कळ गळते आणि मधेच संकेतांकाचे आकडे मजकुरात सांडतात. काही प्रोग्राम ही युक्ती ओळखतच नाहीत. शिवाय संगणकावर मराठी लेआउट आधीच चालू असेल तर यू ची कळ 'ङ' होते आणि संकेतांकातला ए 'ो' होतो, म्हणजे सगळंच कोसळतं.

हा रस्ता पूर्ण सोडला. कीबोर्ड साधे क्रमांक पाठवणार, लेआउट संगणकाचं. इनस्क्रिप्ट हे १९८६ पासूनचं मानक आहे, भारतीय मानक १३१९४ मध्ये १९९१ साली ते आलं, आणि लिनक्स, विंडोज, मॅक तिन्हींवर तयार मिळतं. असं मानक हाताशी असताना फर्मवेअरमध्ये दुसरं मराठी लेआउट रचणं म्हणजे स्वतःला एकाच कीबोर्डाशी बांधून घेणं. फोनेटिक पद्धतीत लिहिणाऱ्यांना हे पटणार नाही, पण तिथे सॉफ्टवेअर अंदाज बांधतं आणि आपण तो दुरुस्त करत बसतो. इनस्क्रिप्टमध्ये जी कळ दाबली तेच अक्षर येतं.

प्लाझ्मामध्ये 'मराठी, एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट' हे लेआउट इंग्रजीनंतर दुसरं म्हणून जोडलं.

१० ऑगस्ट: भाषा बदलण्याच्या दोन कळा आणि दिवा

एकाच कळीने इंग्रजी-मराठी-इंग्रजी असं फिरवणं ही सगळ्या संगणकांवरची जुनी डोकेदुखी. सध्या कुठे आहोत हे आठवावं लागतं. म्हणून दोन वेगळ्या कळा हव्या होत्या: एक नेहमी इंग्रजीच आणणारी, दुसरी नेहमी मराठीच.

आधी एफ १३ आणि एफ १४ पाठवून पाहिलं, कारण त्या कळा नेहमीच्या कीबोर्डात नसतात. पण लिनक्समध्ये त्यांना आधीच कामं नेमलेली आहेत. गनोम या दुसऱ्या डेस्कटॉपवर एफ १३ ने सेटिंग्जची खिडकी उघडते. मग एक्सकेबीच्या (लिनक्समध्ये लेआउट सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या) पर्यायांत नेमकी हवी ती सोय सापडली: कॅप्सलॉकने पहिलं लेआउट, शिफ्ट-कॅप्सलॉकने दुसरं. फर्मवेअरमध्ये एका कळीवर कॅप्सलॉक, दुसरीवर शिफ्ट-कॅप्सलॉक. काम झालं.

दिव्याचं महत्त्व याहून जास्त. मराठी चालू असताना दिवा लागावा, पण कीबोर्डाने स्वतः मोजून लावला तर माउसने भाषा बदलली की दिवा खोटा पडतो. उपाय पुन्हा एक्सकेबीत: 'दुसरं लेआउट दाखवण्यासाठी स्क्रोललॉकचा दिवा वापरा' असा पर्याय आहे. तो निवडला की संगणक स्वतः कीबोर्डाला स्क्रोललॉकचा संदेश पाठवतो. फर्मवेअरमध्ये तो दिवा जीपी१९ ला जोडला. आता भाषा कशीही बदलली तरी दिवा खरं तेच सांगतो.

आणि याचा मोठा फायदा: संगणकावर मराठी चालू आहे की नाही हे आता फर्मवेअरलाही कळतं. पुढची नोंद त्यावरच उभी आहे.

१६ ऑगस्ट: ज्ञ, त्र, क्ष, श्र आणि शिफ्ट

इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट-५ ते शिफ्ट-८ वर ज्ञ, त्र, क्ष, श्र असतात. एक्सकेबीत हे जमत नाही, कारण तिथे एका दाबाला एकच अक्षर मिळतं आणि ज्ञ म्हणजे ज, हलन्त, ञ अशी तीन. मग हे काम फर्मवेअरला दिलं. स्क्रोललॉकचा दिवा लागलेला असेल आणि शिफ्ट-५ दाबलं, तर ज, हलन्त, ञ यांच्या कळा एकामागून एक पाठवायच्या. दिवा नसेल तर नेहमीचं टक्केचिन्ह.

पहिल्या चाचणीत ज्ञ ऐवजी 'झअञ' उमटलं. कारण सरळ आहे: बोट अजून शिफ्टवर असतं, त्यामुळे ज चा झ होतो, हलन्ताच्या कळीवर शिफ्टने अ येतो, आणि ञ ला शिफ्ट लागतोच म्हणून तो तेवढा बरोबर येतो. दुरुस्ती: मॅक्रो (एका दाबाला ठरलेल्या कळा ओळीने पाठवणारी आज्ञा) सुरू होताना शिफ्टची अवस्था साठवून ती पुसायची, अक्षरं पाठवायची, शेवटी अवस्था परत ठेवायची. दोन कळांमध्ये १० मिलिसेकंदांचं अंतरही दिलं. दूरच्या संगणकावर रिमोटने काम करताना त्याशिवाय अक्षरं गळतात.

दुसरा प्रश्न शिफ्टचाच. हौशी लोकांत मधल्या ओळीतल्या कळांना दुहेरी काम द्यायची पद्धत आहे: टिचकी मारली तर अक्षर, धरून ठेवली तर शिफ्ट किंवा कंट्रोल. इंग्रजीत ती उत्तम चालते. इनस्क्रिप्टमध्ये डावीकडच्या त्याच चार कळांवर ओ, ए यांच्या मात्रा, हलन्त आणि ऱ्हस्व इकार आहेत, म्हणजे मराठीत सतत लागणाऱ्या चार गोष्टी. 'किती' लिहिताना इकारावर बोट २०० मिलिसेकंदांहून जरा जास्त रेंगाळलं की फर्मवेअर त्याला शिफ्ट समजतं, पुढच्या त चा थ होतो आणि 'कथी' उमटतं. अवधी वाढवला तर कंट्रोलची जोडी मंदावते, कमी केला तर चुका वाढतात. मराठीसाठी ही पद्धत टाकाऊ आहे, असं माझं स्पष्ट मत.

त्याऐवजी अंगठ्याखाली एकदाच लागणारा शिफ्ट ठेवला: टिचकी मारा, पुढचं एकच अक्षर शिफ्टचं. ख, घ, ण, थ, ध, भ, श, ष, ळ आणि सगळे सुटे स्वर शिफ्टवर आहेत. इतक्या वेळा करंगळी ताणण्यापेक्षा अंगठ्याची टिचकी फार बरी. करंगळीचे दोन शिफ्टही जागेवर आहेत, सवय होईपर्यंत लागतात. वर सांगितलेल्या मॅक्रोत हा एकदाचा शिफ्टही वेगळा पुसावा लागतो, नाहीतर 'झअञ' परत येतं.

२३ ऑगस्ट: कळांवरची अक्षरं

पीबीटी या टिकाऊ प्लॅस्टिकचे कोरे कीकॅप आणि त्यावर पारदर्शक व्हिनाइल स्टिकर, वरून मॅट लॅमिनेशन. चकचकीत लॅमिनेशन दिव्याखाली वाचता येत नाही. पाण्यातून उतरवायचं डिकॅल स्वस्त असतं, पण बोटाने घासून लवकर जातं.

पान लिबरऑफिसमध्ये केलं. मजकुराची भाषा 'मराठी' ठेवणं विसरू नये. नोटो सान्स देवनागरीत मराठी वळणाचे ल आणि श आहेत, पण भाषा हिंदी असली तर हिंदी वळणाचेच छापले जातात. मराठी कीबोर्डावर ते खटकतात.

सुट्या मात्रेला संगणक आपोआप ठिपक्यांचं वर्तुळ लावतो. ४ मिमी उंचीत ते ठिपके एकमेकांत मिसळून काळा डाग होतो. मात्रेच्या आधी न तुटणारी मोकळी जागा टाकली की वर्तुळ जातं. मोठ्या मात्रांना हे चांगलं दिसतं. अनुस्वार, ॅ आणि हलन्त मात्र वर्तुळाशिवाय ओळखू येत नाहीत, त्यांना वर्तुळ ठेवून ठिपक्यांचा रंग फिका केला.

स्टिकरचं माप कीकॅपच्या सपाट भागापेक्षा प्रत्येक बाजूने १ मिमी कमी. कडेपर्यंत लावलेला स्टिकर कोपऱ्यातून उचलतो. लावण्याआधी कॅप आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा.

३० ऑगस्ट: पेटी

प्लेटखाली ३ मिमी अॅक्रिलिकचा तळ आणि मधे पितळी खांब. १२ मिमीचे खांब पुरले नाहीत. स्विचचा खालचा भाग, पिना आणि तारा मिळून ८-९ मिमी जातात, त्याखाली पिको आणि त्याचं यूएसबी तोंड. तळ आवळला की पिको तारांवर दाबला जात होता. १५ मिमीचे घेतले.

पिकोचं मायक्रो यूएसबी तोंड नाजूक आहे, केबलला हिसका बसला की पट्टीसकट सुटतं. म्हणून आत एक छोटी केबल कायमची लावून तिचं मादी टोक पेटीच्या मागच्या कडेला स्क्रूने बसवलं. रोजची ओढाताण त्या टोकावर येते.

६ सप्टेंबर: ॲ, ऱ्य, विंडोज, खर्च

इनस्क्रिप्टमध्ये झेडच्या कळीवर ॆ आणि अगदी वरच्या डाव्या कळीवर ॊ असतात. ही चिन्हं मराठीत लागत नाहीत. त्या जागी अनुक्रमे ॲ आणि शून्य रुंदीचा जोडक (अक्षरं जोडणारं अदृश्य चिन्ह) बसवला. यासाठी लेआउटची मूळ फाइल बदलू नये, पुढच्या अपडेटला ती पुसली जाते. वेलँडवर (लिनक्सच्या पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या नव्या पद्धतीवर) चालत असाल तर होम फोल्डरातल्या कॉन्फिगमध्ये एक्सकेबी नावाचा फोल्डर करून बदललेलं लेआउट तिथे ठेवता येतं. जुन्या एक्स ११ वर हा फोल्डर वाचला जात नाही.

'दुसऱ्या', 'वाऱ्या' यांतलं ऱ्य लिहिण्यासाठी जोडक वापरू नका. शिफ्ट-र ने ऱ येतो, मग हलन्त, मग य. जोडक वापरून लिहिलेलं ऱ्य दिसायला तसंच दिसतं, पण आतले संकेतांक वेगळे असतात आणि शोधताना ते सापडत नाही.

विंडोजवर लेआउटनुसार स्क्रोललॉकचा दिवा लागत नाही, त्यामुळे दिव्यावर आणि ज्ञ-क्ष च्या मॅक्रोंवर तिथे विसंबता येत नाही. भाषेच्या प्रगत सेटिंग्जमध्ये प्रत्येक भाषेला स्वतंत्र जोडकळ देता येते: डावा ऑल्ट-शिफ्ट-१ इंग्रजीला, ऑल्ट-शिफ्ट-२ मराठीला. फर्मवेअरच्या तिसऱ्या थरात भाषेच्या दोन कळा या जोडकळा पाठवतात, आणि त्या थरात शिफ्ट-५ ते ८ चे मॅक्रो बंद आहेत, कारण विंडोजचं इनस्क्रिप्ट ती जोडाक्षरं स्वतःच देतं.

खर्च रुपयांत: स्विच २०००, कीकॅप १८००, अॅल्युमिनियम प्लेट ९००, तळ आणि खांब ५००, पिको ४००, स्टिकर २५०, तार-एलईडी-टेप २००, डायोड १००. एकूण ६१५०, आणि वाया गेलेलं अॅक्रिलिक ४५०. सोल्डरिंगची हत्यारं यात नाहीत. पैसे वाचवायचे असतील तर कीकॅपमध्ये वाचवा, प्लेटमध्ये नाही.

पुढची प्लेट कापताना दोन बदल ठरलेत. एलईडीचं ३ मिमी भोक बॅकस्पेसच्या वरून काढून डाव्या कोपऱ्यात न्यायचं, कारण आत्ता उजवा हात त्यावर येतो. आणि अंगठ्याच्या शिफ्टची कळ एक रकाना डावीकडे. सध्याच्या जागी अंगठा आत दुमडावा लागतो. दुसऱ्या बदलाला प्लेट लागतच नाही, फर्मवेअरमध्ये दोन कळांची अदलाबदल पुरेल, म्हणून तो आधी करून पाहणार.